लोपचिन्ह आणि बोली : इंग्रजी कादंबरीतील ग्रामीण वाणी

१

इंग्रजी कादंबरीत एखादा शेतमजूर, खाणकामगार किंवा घरगडी बोलू लागला की छापील पानाचे रूपच बदलते. शब्दांची अखेरची अक्षरे गळतात, गळालेल्या जागी वर लटकणारे लोपचिन्ह येते, आणि नागर पात्रांच्या तोंडून कधीच हद्दपार झालेली ‘दाऊ’, ‘दी’, ‘दाय’ ही जुनी सर्वनामे पुन्हा अवतरतात. बोलीचा आभास निर्माण करण्याची ही दोन साधने, शब्दसंकोच आणि आर्ष रूपे, दोन शतके इतक्या सातत्याने वापरली गेली आहेत की वाचकाला त्यांचे वेगळेपण जाणवेनासे झाले आहे. वास्तविक ही दोन्ही साधने निरागस नाहीत. लोपचिन्ह असे सुचविते की या शब्दातले काहीतरी नाहीसे झाले आहे. आर्ष रूप असे सुचविते की हा माणूस आजच्या काळाचा नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याचा शब्द पुरा असतो आणि त्याचा काळ वर्तमानच असतो. लेखकाने योजिलेले चिन्ह आणि पात्राचे स्वतःचे भाषिक जग यांतील हे अंतर हाच या विषयाचा गाभा होय.

या साधनांचा पूर्वेतिहास लक्षात घेतला तर त्यांचा ग्रामीणतेशी असलेला संबंध किती अर्वाचीन आहे हे दिसून येते. लोपचिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रणपद्धतीच्या प्रभावाने आले. शेक्सपिअरच्या काळात राजे आणि सरदार वृत्ताच्या सोयीने शब्द सर्रास आखडून बोलत. १७१० मध्ये स्विफ्टने ‘द टॅटलर’ या पत्रात शब्दसंकोचाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा त्याचा रोख शहरी फॅशनवर होता, खेडुतांवर नव्हता. पुढे छापील भाषेचे प्रमाणीकरण जसजसे घट्ट होत गेले तसतसा संकोच हा शिष्ट लेखनातून बाहेर पडला आणि कादंबरीतील खालच्या थरातील पात्रांच्या वाट्याला आला. तरीही त्याचा अर्थ सर्वत्र एकच राहिला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोरोथी सेयर्सचा उमराव गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी क्रियापदांच्या शेवटचा ‘ग’ गाळतो तेव्हा ती खानदानी ऐट ठरते. तोच ‘ग’ गवंड्याने गाळला की ते अडाणीपण ठरते. भाषेतिहासकारांच्या मते अशा अनेक शब्दांत मुळात काही गळालेलेच नसते. ते उच्चार जुन्या, स्वतंत्र प्रत्ययांतून आलेले असतात. लोपचिन्ह भाषेविषयी सांगते त्यापेक्षा ते लावणाऱ्या समाजाविषयी अधिक सांगते, ते असे.

‘दाऊ’ची कथा याहून विलक्षण आहे. एकवचनी ‘दाऊ’ आणि बहुवचनी ‘यू’ असा मूळचा भेद तेराव्या शतकापासून सलगी आणि आदर यांच्या भेदात परिणत होऊ लागला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ लुप्त झाले. ते टिकले दोन ठिकाणी. एक, १६११ चे बायबल आणि प्रार्थनेची भाषा. दुसरे, यॉर्कशायर, लँकेशायर, डर्बीशायर अशा उत्तरेच्या आणि मध्य इंग्लंडच्या बोली. एकाच शब्दाने माणूस परमेश्वराला आळवीत होता आणि त्याच शब्दाने शेजारच्या गोठ्यातल्या सोबत्याला हाक मारीत होता. लंडनच्या वाचकाला मात्र या दोहोंपैकी पहिलाच वापर परिचित असल्यामुळे दुसरा त्याला पुराणकालीन वाटू लागला. जिवंत बोली आणि मृत भाषा यांची येथे गल्लत झाली. इंग्रजी कादंबरीकारांपैकी काहींनी या गल्लतीचा लाभ घेतला, काहींनी तिच्याशी झुंज दिली, आणि मोजक्यांनी तिच्यातूनच अर्थ निर्माण केला.

२

आर्ष भाषेच्या वापराचा पहिला गंभीर विचार करणारा कादंबरीकार म्हणून वॉल्टर स्कॉटचा उल्लेख करावा लागतो. पुरातत्त्वज्ञ जोसेफ स्ट्रट याच्या निधनानंतर अपुरी राहिलेली ‘क्वीनहू-हॉल’ ही कादंबरी स्कॉटने पुरी केली आणि ती १८०८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती लोकप्रिय झाली नाही. जुन्या भाषेचा आणि जुन्या चालीरीतींचा सोस हेच तिच्या अपयशाचे कारण, असा निष्कर्ष स्कॉटने काढला. १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’च्या अर्पणपत्रिकेत त्याने या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. गतकाळ उभा करताना लेखकाने आजच्या वाचकाला दुर्बोध होईल अशी भाषा वापरू नये. मात्र उघड अर्वाचीन वाटणारे शब्दही टाळावेत, असा तो मध्यममार्ग होता. ऐतिहासिक कादंबरीची एक कृत्रिम पण सोयीची भाषा यातून जन्मास आली. बखरीचा वास देणारी संवादभाषा मराठी ऐतिहासिक कादंबरीने ज्या हेतूने घडविली तोच हेतू येथेही होता.

परंतु स्कॉटपुढे दुसराही प्रश्न होता, आणि तो अधिक कठीण होता. त्याच्या स्वतःच्या प्रदेशातील माणसे स्कॉट्स बोलत होती, आणि ती बोली गतकाळातील नव्हती. १८१८ च्या ‘द हार्ट ऑफ मिडलोथिअन’मध्ये जीनी डीन्स ही गोपालकाची मुलगी बहिणीच्या प्राणदानासाठी एडिनबरोहून लंडनला जाते. तिची स्कॉट्स वाणी हा तिच्या व्यक्तित्वाचा कणा आहे. ही बोली विनोदासाठी नाही. तिच्यात सचोटी आहे, तर्क आहे, धर्मनिष्ठा आहे. तरीही राणी कॅरोलाइनपुढे ती करुणा भाकते त्या उत्कट क्षणी तिची भाषा प्रमाण इंग्रजीच्या फार जवळ येते. याचे समर्थन दोन प्रकारे करता येईल. राणीपुढे बोलताना माणूस भाषा सावरतो, हे मानसशास्त्रदृष्ट्या खरे आहे. तसेच उदात्ततेच्या क्षणी बायबलची भाषा ओठांवर यावी, हेही तिच्या संस्कारांना धरून आहे. पण तिसरी शक्यता नाकारता येत नाही. कथेच्या सर्वोच्च क्षणाचा भार बोलीला पेलेल असा विश्वास खुद्द स्कॉटलाही पुरता नसावा.

हा अविश्वास चार्ल्स डिकन्सच्या बाबतीत तर संकेतच बनतो. वर्कहाऊसमध्ये जन्मून तेथेच वाढलेला ऑलिव्हर ट्विस्ट निर्दोष प्रमाण इंग्रजी बोलतो. ती भाषा त्याने कोठे ऐकली, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. शुद्ध अंतःकरणाला शुद्ध भाषा आपोआप लाभते, असे येथे गृहीत आहे. या गृहीतकाची दुसरी बाजू अशी की ज्याच्या शब्दांना लोपचिन्हे लागली त्याच्या नैतिक पूर्णत्वाविषयीही वाचकाच्या मनात नकळत शंका उत्पन्न होते.

३

या पार्श्वभूमीवर एमिली ब्राँटीची ‘वुदरिंग हाइट्स’ वेगळी उठून दिसते. डिसेंबर १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील जोसेफ हा म्हातारा गडी इंग्रजी कादंबरीतील सर्वांत दुर्बोध बोलणाऱ्यांपैकी एक आहे. हॉवर्थ परिसरातील बोली एमिलीने उच्चारानुसारी लेखनाने, फारशी सवलत न देता उतरविली. जोसेफ हा कडवा धर्मनिष्ठ आहे. त्याच्या तोंडी बायबल आणि शिवीगाळ शेजारी शेजारी नांदतात. त्याच्या ‘दाऊ’मध्ये उत्तरेचा शेतगडी आणि धर्मग्रंथाचा वाचक एकवटलेले आहेत. बोली आणि आर्षता यांची जी गल्लत इतरत्र लेखकाची सोय ठरते तीच येथे पात्राचा स्वभाव ठरते. जोसेफ जुन्या भाषेत बोलतो कारण ती त्याची रोजची भाषा आहे, आणि तिच्यातून इतरांना शाप देता येतो कारण तीच धर्मग्रंथाचीही भाषा आहे.

एमिलीचे निधन डिसेंबर १८४८ मध्ये झाले. १८५० मध्ये शार्लट ब्राँटीने बहिणीच्या कादंबरीची नवी आवृत्ती सिद्ध केली आणि जोसेफच्या बोलण्याचे लेखन सौम्य केले. तिची भूमिका तिने प्रकाशकांना कळविली होती : हे लेखन यॉर्कशायरच्या कानाला तंतोतंत वाटले तरी दक्षिणेकडील वाचकाला ते समजणार नाही, आणि त्यामुळे एक ठसठशीत पात्र त्याच्यापुरते वाया जाईल. या युक्तिवादात बहिणीविषयीचे प्रेम आहे आणि व्यवहारही आहे. पण त्यातील ‘वाचक’ कोण, हे पाहण्यासारखे आहे. हॉवर्थचा माणूस ज्या पुस्तकाचा विषय आहे त्याचा वाचक हॉवर्थबाहेरचाच असणार, हे येथे मान्य करून टाकलेले आहे. विसाव्या शतकातील संपादकांनी १८४७ च्या संहितेकडे परतण्याचा मार्ग स्वीकारला. जोसेफला त्याची दुर्बोधता परत मिळाली, असे म्हणता येईल.

जोसेफइतकेच महत्त्व त्याच्याभोवतीच्या मौनाला आहे. त्याच माळरानावर वाढलेली नेली डीन प्रमाण भाषेत कथा सांगते. आपण घरातील ग्रंथालयातील पुस्तके वाचली आहेत, असा खुलासाही ती करते. हीथक्लिफ त्याच घरात जोसेफच्या धाकाखाली वाढला, तरी प्रौढ हीथक्लिफ बोलीचा मागमूस ठेवीत नाही. हेअरटनची बोली मात्र त्याच्या वंचनेची खूण आहे. त्याला मुद्दाम निरक्षर ठेवलेले असते, आणि कॅथी त्याला वाचायला शिकविते तेव्हा शब्दांच्या उच्चारावरून त्याला टोकते. प्रेमाचा आणि प्रमाणीकरणाचा असा एकत्र पाठ इंग्रजी कादंबरीत दुसरा क्वचितच असेल. बोली ही या कादंबरीत कोणाच्या तोंडी आहे याइतकेच ती कोणाच्या तोंडून काढून घेतली आहे, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

४

सुबोधता हे कलावंताचे कर्तव्य आहे, आणि त्यापायी बोलीच्या अचूकतेला मुरड घालावी लागते, अशी भूमिका जॉर्ज इलियटने ‘अ‍ॅडम बीड’च्या संदर्भात घेतली होती. थॉमस हार्डीने हा प्रश्न आणखी एका पायरीने पुढे नेला. १८७८ मध्ये ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’मधील खेडुतांच्या बोलण्यावर ‘द अथेनियम’मध्ये टीका झाली, तेव्हा त्याच पत्रात हार्डीने उत्तर दिले. खेडुताचे उच्चार कागदावर तंतोतंत उतरविण्याचा प्रयत्न केला तर चित्रणाचा तोल बिघडतो, कारण वाचकाचे लक्ष विक्षिप्तपणाकडे वेधले जाते आणि बोलण्यातील आशय बाजूला पडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. हार्डीचा हा मुद्दा मूलगामी आहे. दक्षिण इंग्लंडचा सुशिक्षित माणूसही शब्द जसे लिहिले जातात तसे उच्चारीत नाही. तथापि त्याचे उच्चार कोणी वेडेवाकडे लिहून दाखवीत नाही. मग ही अचूकता एकट्या खेडुताच्याच वाट्याला का यावी? जॉर्ज फिलिप क्रॅप या अमेरिकन अभ्यासकाने १९२५ मध्ये अशा लेखनासाठी ‘डोळ्यांची बोली’ या अर्थाची संज्ञा वापरली. जो शब्द सर्वच जण सारखाच उच्चारतात तोही अशिक्षित पात्राच्या तोंडी चुकीच्या वर्णांनी लिहिला जातो. कानाला काहीच फरक जाणवत नाही, डोळ्याला मात्र बोलणारा अडाणी दिसतो.

हार्डीने यावर शोधलेला उपाय संयमाचा होता. त्याने उच्चार कमी आणि शब्दसंपत्ती, वाक्यरचना, म्हणी व लय अधिक दाखविली. त्याला विल्यम बार्न्स या डॉर्सेटच्या कवीचा आणि भाषाभ्यासकाचा आदर्श जवळचा होता; बोली हे प्रमाण भाषेचे बिघडलेले रूप नसून ती स्वतंत्र कुळाची वारस आहे, ही बार्न्सची श्रद्धा होती. १८९१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘टेस’ची नायिका दोन भाषा बोलते, असे निवेदक प्रारंभीच सांगतो : घरी थोडीफार बोली, आणि बाहेर व थोरामोठ्यांपुढे शाळेत शिकलेली इंग्रजी. तिची आई मात्र बोलीतच जगते. सक्तीच्या शिक्षणाने एका पिढीत आई आणि मुलगी यांच्या जिभांत जे अंतर पाडले त्याची ही नोंद आहे. टेसची बोली भावनेच्या आवेगात उसळून वर येते. तिचा नवा अर्थ असा की ती तिच्या मनाच्या तळाशी आहे. येथे आर्ष सर्वनाम भूतकाळ सुचवीत नाही, घर सुचविते.

डी. एच. लॉरेन्सने या द्वैभाषिकतेला शस्त्र बनविले. १९१३ च्या ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये खाणकामगार बाप बोली बोलतो आणि आई प्रमाण भाषा, घरातील वर्गसंघर्ष जेवणाच्या मेजावर दोन भाषांत चालतो. १९२८ मध्ये फ्लॉरेन्स येथे खासगीरीत्या छापलेल्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’मधील मेलर्स हा सैन्यात अधिकारी राहिलेला आहे. त्याला दोन्ही भाषा येतात, आणि केव्हा कोणती बोलायची हे तो स्वतः ठरवितो. कॉनीची बहीण हिल्डा त्याच्या बोलीला यॉर्कशायरची समजते, तेव्हा ती डर्बीची असल्याचे तो तिला सुनावतो. या छोट्या दुरुस्तीत मोठा अर्थ आहे. वरिष्ठ वर्गाच्या कानाला सगळ्या बोली एकसारख्या, म्हणजे ‘प्रमाण नसलेल्या’, ऐकू येतात. बोलणाऱ्याला मात्र तिचा गाव, तिची वेस ठाऊक असते. सलगीचे ‘दाऊ’ मेलर्स शृंगारात वापरतो आणि अवमानासाठीही वापरतो. लोपचिन्हांनी भरलेले त्याचे संवाद वाचताना तो अपुरा आहे असे कोणालाही वाटत नाही, कारण मौन आणि भाषा या दोहोंवर त्याचा ताबा आहे.

५

लोपचिन्हाविरुद्धचे खरे बंड स्कॉटलंडमध्ये झाले. स्कॉट्स ही एके काळी राजदरबाराची आणि समृद्ध काव्याची भाषा होती. १६०३ मध्ये दोन्ही मुकुट आणि १७०७ मध्ये दोन्ही संसदा एकत्र आल्यानंतर तिचा लेखनातील दर्जा घसरला. अठराव्या शतकात अ‍ॅलन रॅम्झी, रॉबर्ट फर्ग्युसन आणि बर्न्स यांच्या काळी स्कॉट्स शब्द इंग्रजीच्या मापाने छापण्याची रीत पडली; इंग्रजी शब्दात जे अक्षर आहे ते स्कॉट्समध्ये नसेल तर तेथे लोपचिन्ह. पुढे अभ्यासकांनी त्याला ‘क्षमायाचक लोपचिन्ह’ म्हटले, आणि हे नाव अत्यंत समर्पक आहे. चौदाव्या शतकात जॉन बार्बर ‘टेकन’ या अर्थी ‘टेन’ हे रूप कोणत्याही चिन्हाशिवाय लिहीत होता. चारशे वर्षांनी त्याच शब्दाला मध्ये एक चिन्ह देऊन आपल्या उणेपणाची कबुली द्यावी लागली. १९४७ मध्ये एडिनबरो येथे कवींनी लेखनपद्धतीचे एक पत्रक तयार केले आणि अशी लोपचिन्हे वर्ज्य ठरविली. एक चिन्ह काढून टाकण्याचा हा निर्णय वस्तुतः भाषेच्या स्वत्वाचा निर्णय होता.

कादंबरीत हे काम त्याआधी लुइस ग्रॅसिक गिबनने १९३२ च्या ‘सनसेट साँग’मध्ये केले होते. त्याने बोलीला अवतरणचिन्हांच्या कोंडवाड्यातून सोडविले; निवेदनालाच ईशान्य स्कॉटलंडच्या बोलण्याची लय दिली आणि संवाद त्या निवेदनात विरघळविले. निवेदक शिष्ट आणि पात्रे गावंढळ, ही उतरंडच त्यामुळे मोडली. १९३८ मध्ये राजा रावने ‘कांतापुरा’च्या प्रास्ताविकात भारतीय जगण्याचा वेग इंग्रजीत आणण्याचा प्रश्न मांडला आणि कन्नड खेड्यातील आजीची सलग, श्वास न घेणारी कथनलय इंग्रजीत उतरविली. या दोन प्रयोगांचे नाते स्पष्ट आहे. दोघांनीही शब्द मोडले नाहीत, वाक्य बदलले.

अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या अपमानाशी जोडला गेला होता. जोएल चँडलर हॅरिसच्या अंकल रीमसपासून कृष्णवर्णीयांची वाणी लोपचिन्हांनी विद्रूप करून छापण्याची प्रथा रूढ झाली होती. या प्रथेच्या ओझ्याखाली बोलीला विनोद आणि करुणा हे दोनच सूर उरले आहेत, असे जेम्स वेल्डन जॉन्सनने १९२२ मध्ये दाखवून दिले. १९२७ च्या आपल्या पद्यप्रवचनांत त्याने मोडके लेखन टाकले आणि कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या तोंडी बायबलच्या वळणाची भारदस्त इंग्रजी दिली. येथे आर्ष भाषेने बोलणाऱ्याला मागासपण दिले नाही, अधिकार दिला. याच्या उलट झोरा नील हर्स्टनने १९३७ च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मध्ये संकोचयुक्त बोली निर्भयपणे राखली, रिचर्ड राइटने त्याच वर्षी तिच्यावर गोऱ्या वाचकाचे मनोरंजन केल्याचा आरोप ठेवला. काळाने हर्स्टनच्या बाजूने कौल दिला असला तरी राइटची भीती निराधार नव्हती. चिन्ह तेच असते. ते कोणाकडे पाहून लिहिले आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

६

मराठीच्या अभ्यासकाला हा सारा इतिहास परका वाटू नये. देवनागरीत लोपचिन्हाची रूढी नाही. ‘बनगरवाडी’तील माणदेशी किंवा ‘धग’मधील वऱ्हाडी बोली कोणतेही चिन्ह न लावता छापली गेली, मराठी बोलींना क्षमायाचनेची ही विशिष्ट शिक्षा भोगावी लागली नाही. आर्ष रूपांबाबत मात्र साम्य थक्क करणारे आहे. ‘म्यां’, ‘त्वां’ ही रूपे संतकाव्यात आणि पेशवाईच्या पत्रांत प्रतिष्ठित होती. प्रमाण मराठीने ती टाकली, खेड्यातील माणसाने ‘म्या’ जपून ठेवले. आज तेच रूप अभंगात आले की वाचक हात जोडतो आणि शेतकऱ्याच्या तोंडी आले की हसतो. ‘दाऊ’च्या वाट्याला यॉर्कशायरमध्ये आलेले भाग्य याहून निराळे नाही.

अनुवादकापुढे यातून प्रत्यक्ष पेच उभा राहतो. १९४० च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’मध्ये हेमिंग्वेने स्पॅनिश भाषेतील सलगीचे सर्वनाम ‘दाऊ’ने दाखविले; इंग्रजी वाचकाला त्याचे गनिमी सैनिक धर्मग्रंथातून उतरल्यासारखे भासतात. मराठीत त्यासाठी साधे ‘तू’ पुरते, आणि मूळ स्पॅनिश वापराशी ते अधिक प्रामाणिक ठरते. मात्र हेमिंग्वेच्या इंग्रजीतील विचित्र गांभीर्य त्यात हरवते. मेलर्सचे ‘यू’वरून ‘दाऊ’वर येणे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याने साधेल, परंतु डर्बीचा मातीचा वास त्यात येणार नाही. जोसेफला मालवणी किंवा अहिराणी बोलायला लावले तर भूगोल खोटा होतो. प्रमाण मराठी बोलायला लावले तर शार्लटने अर्धवट केलेले काम पुरे होते. अशा वेळी हार्डी आणि गिबन यांचा मार्ग उपयोगी पडावा : एखाद्या जिल्ह्याची खूण न पटविता शब्दक्रम, म्हणी, शपथा आणि श्वासाची लय यांतून बोलणाऱ्याचे जग उभे करणे.

कादंबरीतील बोलीची कसोटी तिच्या ध्वनिशास्त्रीय अचूकतेत शोधणे त्यामुळे अपुरे ठरते. बोली बोलणाऱ्या पात्राला विनोदाखेरीज दुसरे काही करता येते काय, त्याला शंका घेता येते काय, राग, प्रार्थना, युक्तिवाद आणि प्रेम त्याला त्याच वाणीत शक्य आहे काय, हे पाहावे लागते. जीनी डीन्सला राणीपुढे आपली भाषा सावरावी लागली. जोसेफने ती कोणापुढेही सावरली नाही, आणि त्याची किंमत त्याला मृत लेखिकेच्या बहिणीकडून चुकवावी लागली. जे अक्षर गळाले म्हणून छापखान्याने चिन्ह लावले ते बोलणाऱ्याच्या तोंडात कधी नव्हतेच, ही साधी गोष्ट ज्या लेखकाला उमगली त्याच्या पानावर खेडूत पुरा माणूस म्हणून उभा राहिला आहे.